अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा आणि बहुकुटुंब उपचारपद्धती : कुटुंबाच्या बदलत्या स्थानाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

समोर ताट वाढलेले असताना केवळ वजन वाढण्याच्या तीव्र भीतीपोटी अन्न नाकारणे, हे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या विकाराचे मुख्य लक्षण होय. हा विकार प्रामुख्याने किशोरवयीन मुलींमध्ये आढळतो. त्यातील मृत्यूचे प्रमाण बहुतेक मनोविकारांपेक्षा अधिक असल्यामुळे मुलीला जेवू कोणी घालावे, हा प्रश्न येथे जीवन-मरणाचा ठरतो. पाश्चात्त्य वैद्यकाने दीडशे वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांत आई-वडिलांचे स्थान कसे बदलत गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुटुंबापासून फारकत

१८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी जवळपास एकाच वेळी या विकाराचे वर्णन केले. गल यांचा निबंध १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यांनी दिलेले नावच पुढे रूढ झाले. लासेग यांची दृष्टी अधिक सूक्ष्म होती. घरातील माणसे आधी विनवण्या करतात, मग धमक्या देतात आणि दोन्ही उपाय थकले की हतबल होतात, हे त्यांनी नेमके टिपले. रुग्णाचा विचार कुटुंबाला वगळून करता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. गल यांचा सल्ला मात्र व्यवहारी व कठोर होता. रुग्णाला ठरावीक अंतराने अन्न द्यावे आणि जिचा तिच्यावर वचक राहील अशी व्यक्ती जवळ असावी. नातेवाईक हे या कामी सहसा सर्वांत अयोग्य. १८८० च्या दशकात शार्को यांनी याच विचाराचे नियमात रूपांतर केले. आई-वडिलांनी दूर व्हावे, तरच मुलगी बरी होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील कित्येक दशके रुग्णालयांत या विलगीकरणाचा प्रभाव राहिला.

आरोपी म्हणून कुटुंब

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंब उपचारकक्षात परतले, पण सन्मानाने नव्हे. मिलानमध्ये मारा सेल्व्हिनी पालाझ्झोली व्यक्तिगत मनोविश्लेषणाकडून कुटुंबोपचाराकडे वळल्या. फिलाडेल्फियात साल्व्हादोर मिनुचिन यांनी संपूर्ण कुटुंबाला दुपारच्या जेवणासाठी एकत्र बसवून त्या प्रसंगाचेच निरीक्षण केले. १९७८ साली मिनुचिन, रोझमन व बेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ५३ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के बरे झाल्याचे नमूद आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. अशा कुटुंबांत अतिजवळीक, अतिसंरक्षण, ताठरपणा आणि संघर्ष टाळण्याची वृत्ती असते, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणजे ज्यांच्या हातून मुलीला वाचवायचे, त्यांनाच आजाराचे कारण ठरविले गेले. उपासमारीने खंगणाऱ्या मुलीच्या घरात ताण असणारच; तो ताण कारण की परिणाम, हे एका जेवणावरून कसे ठरावे? सिद्धांत पुढे टिकला नाही, पद्धत मात्र टिकली.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील रसेल, स्झ्मुक्लर, डेअर व आयस्लर यांनी १९८७ साली ८० रुग्णांच्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा आजार वयाच्या १९ वर्षांपूर्वी सुरू झाला व तीन वर्षांहून कमी काळ टिकला होता, अशा रुग्णांत व्यक्तिगत उपचारापेक्षा कुटुंबोपचार अधिक परिणामकारक ठरला. दोष कोणाचा, हा प्रश्न येथे बाजूला ठेवून जेवणाची जबाबदारी पालकांच्या हाती देण्यात आली. तथापि २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४० किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासात एक अडचण पुढे आली. जेथे आईच्या बोलण्यात टीकेचा सूर अधिक होता, तेथे सर्वांना एकत्र बसविण्यापेक्षा पालक व मुलीला वेगवेगळे भेटणे हितावह ठरले. एकाच खोलीत अपराधभाव व राग समोरासमोर आले की उपचारच कोंडला जातो, असा याचा अर्थ लावता येतो.

अनेक कुटुंबे, एक जेवण

या कोंडीवरचा मार्ग वेगळ्याच विकाराच्या उपचारातून आला. न्यूयॉर्कमधील क्रीडमूर रुग्णालयात पीटर लाकर यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची अनेक कुटुंबे एकत्र आणण्याचा प्रयोग केला होता. लंडनच्या मार्लबरो फॅमिली सर्व्हिसने १९७० च्या दशकापासून त्याला दिवसभराच्या सहवासाचे रूप दिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील ड्रेस्डेन व लंडनमधील मॉड्स्ली येथे तो किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियासाठी वापरला जाऊ लागला. सर्वसाधारणपणे पाच ते आठ कुटुंबे सलग चार दिवस एकत्र येतात व नंतर काही महिने अधूनमधून भेटतात. जेवणे एकत्र होतात. काही वेळा पालकांची अदलाबदल केली जाते. आपल्या मुलीपुढे हात टेकलेली आई दुसरीच्या मुलीला शांतपणे घास संपवायला सांगू शकते, आणि ती मुलगीही आपल्या घरी जे ऐकत नाही ते येथे ऐकते. एरवी एकट्याने सोसलेली लाज येथे वाटली जाते. उपचारकाच्या शब्दापेक्षा समदुःखी पालकाचा शब्द अधिक मानला जातो, यात नवल नाही. शिवाय पाच घरे शेजारी बसली की ती एकमेकांसारखी नाहीत, हे उघड दिसते. 'अ‍ॅनोरेक्सियाचे ठरावीक कुटुंब' ही कल्पना तेथे टिकणे कठीणच. २०१० साली अ‍ॅकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या संस्थेने कुटुंबाला मूळ कारण मानणाऱ्या भूमिकेस जाहीर विरोध नोंदविला.

आयस्लर व सहकाऱ्यांची ब्रिटनमधील १६९ किशोरवयीन रुग्णांची बहुकेंद्री चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एका वर्षाच्या उपचारानंतर केवळ एककुटुंब उपचार घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून किंचित कमी, तर बहुकुटुंब उपचाराचीही जोड मिळालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत चांगला वा मध्यम सुधार दिसला. त्यानंतर सहा महिन्यांनी मात्र हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला नव्हता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत किशोरवयीनांसाठी कुटुंबोपचाराची शिफारस करताना तो एका कुटुंबासह किंवा एककुटुंब व बहुकुटुंब उपचार एकत्र करून देण्याची मुभा ठेवली. त्याच सूचनांनुसार काही बैठका पालकांपासून स्वतंत्रपणे घ्याव्यात की नाही, याचा निर्णय रुग्ण मुलांनाही घेता येतो.