बारुदीचा जमाखर्च

भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना पुस्तकवाले तलाव सांगतात, धान सांगतात, पितळेची भांडी सांगतात. फार झालं तर वैनगंगेवर दोन ओळी. जवाहरनगर सांगत नाहीत. नागपूरकडून महामार्गानं भंडाऱ्याकडं येताना जी आयुध निर्माणी लागते, तिच्यात गेली साठ वर्षं ह्या देशाच्या तोफाबंदुकांची बारूद तयार होते. आणि दोस्तांनो, त्या बारुदीचा इतिहास लिहायचा तर तो आपल्यापासून सुरू होतो. आयुधं विकत घेणाऱ्या साहेबलोकांपासून नाही.

मी राईस मिलमधे पोती उचलतो. मला कुण्या प्राध्यापकानं इतिहास शिकवला नाही. जे वाचलं ते रात्रपाळी नसलेल्या रात्री वाचलं. तेव्हा इथं भाषा सरळ राहील, आणि हिशेब आकड्यांतच मांडीन.

पहिला आकडा 1818. एक जानेवारी आली की आपण भीमा कोरेगावला जातो, जयस्तंभापुढं उभे राहतो, छाती भरून येते. स्तंभावर 49 नावं आहेत, त्यांत 22 महार. नावापुढं 'नाक' लागलेली ही माणसं कंपनी सरकारच्या पगारावर होती. पण आपले भाषणवाले 1818 ला गाडी सुरू करतात आणि थेट 1927 ला उतरतात. मधल्या स्टेशनांवर कुणी थांबत नाही. खरा धडा मधेच आहे. ज्या सरकारनं स्तंभ उभारला त्याच सरकारनं 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स. त्याच्या डोक्यात 'लढाऊ जाती' नावाचं खूळ होतं. कोण लढाऊ आणि कोण नाही हे गोऱ्या साहेबानं ठरवलं. मनूनं जन्मावरून वाटणी केली, रॉबर्ट्सनंही जन्मावरूनच केली. हिंदू धर्मशास्त्र आणि इंग्रजी लष्करशास्त्र एका पंगतीत बसलं, फक्त ताटं वेगळी.

ती भरती बंद झाली म्हणजे नुसती बंदूक गेली का? नाही. गेली ती शाळा. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या पोरापोरींना शिक्षणाची सक्ती होती, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवलंय. रामजी सुभेदार लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. महूची छावणी नसती, सुभेदाराची पेन्शन नसती, तर भीमराव नावाच्या पोराला पाटी कुणी दिली असती? गावच्या पाटलानं? अंगावर कपडा, पायात बूट, महिन्याला रोख पैसा आणि म्हातारपणी पेन्शन, इतकं सगळं एकाच ठिकाणी त्या काळी आपल्याला फक्त फौजेत मिळत होतं. म्हणून गोपाळबाबा वलंगकर ह्या बंदीविरुद्ध अर्ज लिहीत राहिले. म्हणून शिवराम जानबा कांबळे ह्यांनी 1910 साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. आजच्या पोरांना ते अर्ज लाचार वाटतात. मला तसं वाटत नाही. भाकरीचं दार कुठं आहे हे त्या माणसांना नेमकं कळलेलं होतं.

महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, तेव्हा साहेबाला महार पुन्हा आठवला. 1917 मधे 111 वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपलं, 1921 मधे मोडली. गरज सरो वैद्य मरो. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब 1941 च्या जुलैत संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभी झाली. दुसरी कामठीला. कामठी म्हणजे आपलं घरचं अंगण, कन्हानच्या काठावर. ह्या खेपेला मात्र युद्ध संपल्यावर पलटण मोडता आली नाही. 1946 साली ती मशीनगन रेजिमेंट झाली. पुढं ह्याच रेजिमेंटमधून आलेले कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन अधिकारी देशाचे लष्करप्रमुख झाले. आणि 1987 साली श्रीलंकेत आठव्या महारचे मेजर परमेश्वरन ह्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आता ही रेजिमेंट एका जातीची राहिली नाही, सगळ्या जातींचे जवान तिच्यात आहेत. हे बरंच झालं.

म्हणजे बाबासाहेब लष्कराच्या विरोधात होते असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. पण लष्करावर पाण्यासारखा पैसा ओता असंही ते म्हणाले नाहीत. 1951 च्या ऑक्टोबरात त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. आपल्याला त्या राजीनाम्यातलं हिंदू कोड बिल पाठ आहे, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच निवेदनात एक हिशेब आहे, तो कुणी वाचत नाही. वर्षाचा महसूल 350 कोटी, त्यातले सुमारे 180 कोटी सैन्यावर. अर्ध्याहून जास्त! बाबासाहेबांचं म्हणणं असं, की इतका अफाट खर्च आपल्या परराष्ट्र धोरणामुळं करावा लागतोय. आपण जगात मित्र ठेवले नाहीत, मग सगळं ओझं एकट्यानं उचला. माणूस अर्थशास्त्री होता. तोफ पाहिली की आधी तिची किंमत विचारायचा.

आणि किंमत कोण खातं हेही तेव्हाच दिसायला लागलं होतं. स्वतंत्र देशाचा संरक्षण खरेदीतला पहिला गाजलेला घोटाळा 1948 चा. विमानाचा नाही, तोफेचा नाही. जीपचा. लंडनमधले हायकमिशनर कृष्ण मेनन ह्यांनी नेहमीची रीत बाजूला सारून लष्करासाठी 80 लाखांच्या जीपगाड्यांचा करार केला. ज्या आल्या त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. 1955 साली सरकारनं प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं, 1956 मधे मेनन मंत्री झाले आणि 1957 मधे संरक्षणमंत्री. पुढं 1986 ला बोफोर्सच्या 410 तोफा आल्या, सुमारे 1,437 कोटींच्या. तिची कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे, मी उगाळत नाही. फक्त एवढं बघा, आपल्या पोराला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्सा लागतात. एक कागद कमी असला की फॉर्म परत.

आता भंडाऱ्याकडं येतो. 1954 साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते. प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कोरडे ओढले. लोकांनी सभा ऐकल्या आणि निवडून दिलं काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना. राज्यघटना लिहिणारा माणूस भंडाऱ्यानं पाडला. ही गोष्ट आमच्याकडची म्हातारी माणसं अजून खाली मान घालून सांगतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टात बाबासाहेब राज्यसभेत बोलले. तिबेट चीनच्या हाती जाऊ दिलं, चीनला आपल्या सीमेवर आणून बसवलं, आणि पंचशीलावर विश्वास ठेवून झोपलात, असा त्यांचा रोख होता. कुणी ऐकलं? 1956 ला बाबासाहेब गेले. 20 ऑक्टोबर 1962 ला चीननं हल्ला केला. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि संरक्षणाचा खर्च धडाधड वाढला. नव्या आयुध निर्माण्या निघाल्या. त्यांतली एक निघाली भंडाऱ्यात, आणि तिच्या वसाहतीला नाव मिळालं जवाहरनगर.

हा योगायोग म्हणा. पण मला तो कागदावर लिहून ठेवावासा वाटतो. ज्या मतदारसंघानं इशारा देणाऱ्याला पाडलं, त्याच मतदारसंघात तो इशारा न ऐकल्याची किंमत म्हणून बारुदीचा कारखाना आला. आणि ज्याचं धोरण फसलं त्याचं नाव पाटीवर.

तिथं नेमकं काय होतं? तोफेचा गोळा फुटतो ते वेगळं स्फोटक. तो गोळा नळीतून पुढं ढकलायला जी दारू जळावी लागते ती वेगळी, तिला प्रोपेलंट म्हणतात. ह्या दारूचा पाया कापूस आहे. सरकीवरचं बारीक तंतू, त्याला नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात घोळलं की नायट्रोसेल्युलोज होतं. आमच्या आज्यांनी ज्या कापसाची वेचणी मजुरीवर केली, तो मिलमधे गेला तर धोतर आणि आम्लात गेला तर बारूद. रणगाडा कितीही नवा असो, विमान कितीही महागाचं असो, ही दारू नसेल तर ते नुसतं लोखंड. प्रजासत्ताकदिनाला दिल्लीत रणगाडे फिरतात, टीव्हीवाला वजन सांगतो, वेग सांगतो. दारू कुठं बनली हे सांगत नाही.

आमच्या वस्तीतले एक काका साखरा उचलताना म्हणाले होते, "एका घरात परमनंट लागला का तीन पोट्टे शिकतेत, बाबू." हेच ह्या कारखान्याचं मोठेपण. सरकारी नोकरी, आरक्षण, क्वार्टर, शाळा, दवाखाना, पेन्शन. 1892 ला फौजेचं जे दार लागलं होतं, ते निर्माणीच्या गेटमधून थोडं उघडलं. आपल्या चळवळीला वर्गणी देणारे, विहाराला विटा देणारे, पोराला इंजिनिअर करणारे कितीतरी जण असल्याच गेटमधून आत गेलेले आहेत.

ते दार आता पुन्हा ओढून घेणं चालू आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 आयुध निर्माण्यांचं मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. महाराष्ट्रात ह्यांतल्या दहा. भंडारा गेली म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडं. कामगारांनी संप करू नये म्हणून आधी जूनमधे अध्यादेश, मग ऑगस्टात कायदा, संरक्षण उत्पादनातला संपच तेव्हा बेकायदा ठरवला. कंपनी सरकारी आहे, आरक्षण कागदावर शाबूत आहे. पण ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर आरक्षण नसतं. खाजगी बारूद कारखान्यातही नसतं. आणि 2022 च्या जूनमधे फौजेत अग्निपथ आलं. चार वर्षांची नोकरी, शंभरातले फार तर पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही. रामजी सुभेदाराची पेन्शन आठवा आणि मग हे वाचा.

खर्च कमी झाला म्हणून हे केलं का? 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला 6,81,210 कोटी. त्यातले 1,80,000 कोटी नवी शस्त्रं, वाहनं, विमानं घेण्यासारख्या भांडवली कामाला. खरं बोलायचं तर टक्क्यात हे 1951 पेक्षा फार कमी आहे, केंद्राच्या एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. हे मी लपवत नाही, नाहीतर विरोधक आपल्याला पहिल्याच सभेत गप्प करेल. पण दुसरा आकडा शेजारी ठेवा. त्याच वर्षी केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता विभागाला 13,611 कोटी. भागाकार करा. संरक्षणाचा सव्वासात दिवसांचा खर्च आणि सामाजिक न्यायाचं पुरं वर्ष, दोन्ही सारखे.

2025 च्या सप्टेंबरात 97 तेजस विमानांचा करार झाला, 62,370 कोटींचा. सोबतचं सामान धरून एका विमानाला 643 कोटी. अनुसूचित जातीच्या पोरांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, सबंध देशाची, केंद्राकडून वर्षाला सव्वासहा हजार कोटींच्या थोडी वर. दहा विमानं. विमान घेऊ नका असं मी म्हणत नाही, सीमेवर आपलीही पोरं उभी आहेत आणि त्यांना जुनं विमान देणं हे पाप आहे. मी एवढंच विचारतो, विमानाचा हप्ता वेळेवर जातो तर पोराचा हप्ता काऊन अडते?

आणि रक्षण कुणाचं? खैरलांजी ह्याच भंडारा जिल्ह्यात आहे, मोहाडी तालुक्यात. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांना गावानं मारलं. आई, मुलगी, दोन मुलं. देशाच्या रक्षणाची बारूद करणारा जिल्हा एका घराचं रक्षण करू शकला नाही. त्या वर्षी महाराष्ट्रभर पोरं रस्त्यावर आली तेव्हा पोलीस मात्र ताबडतोब पोचले.

कारखान्याच्या आतही मरण आहे. 24 जानेवारी 2025, शुक्रवार, सकाळी साडेदहाचा सुमार. एलटीपीई विभागात स्फोट झाला, छत खाली आलं, त्या दिवशी आठ कामगार गेले. बरोबर वर्षभर आधी, 2024 च्या जानेवारीत, तिथंच एका स्फोटात एक कामगार गेला होता. पुलगावच्या डेपोजवळ 2018 च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण मेले, त्यांत रोजंदारीवर गेलेले जवळच्या गावचे लोक होते. सीमेवर मेला तो शहीद. त्याला तिरंगा मिळतो आणि मिळायलाच हवा. बारूद करताना मेला त्याला काय म्हणायचं, ह्याला सरकारदरबारी शब्द नाही. मदतीचा आकडा जाहीर होतो, चौकशी समिती बसते, पुढल्या सोमवारी पाळी सुरू.

ह्या सगळ्याचा लेखी इतिहास आपल्याकडं नाही. रेजिमेंटचा आहे, सेनापतींचा आहे, खरेदी करारांचा आहे. निर्माणीत कामाला लागलेल्या पहिल्या पिढीचा नाही, आणि ती पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय. म्हणून भंडारा, लाखनी, तुमसर, मोहाडीकडच्या कार्यकर्त्यांना सांगणं आहे. ज्यांच्या घरात, वस्तीत 1970 च्या आधी निर्माणीत लागलेला कुणी म्हातारा असेल, त्याच्यापाशी बसा. कसा लागला, पहिला पगार किती, कुठल्या विभागात, कुणाला भाजलं, कुणाला क्वार्टर मिळालं, युनियनमधे आपल्या माणसाला कुठं बसवायचे, सगळं विचारा. त्याच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. वहीचा कागद चालेल, पेन्सिलनं लिहिलं तरी चालेल. स्टेन्सिल कापायचं काम मी करीन, रविवारी मिल बंद असते.