इमारत सांभाळायची कुणी?

धाडला आमच्या आजोळचं घर धाब्याचं होतं. मृग लागायच्या आधी मामा शिडी लावून वर चढायचे, भेगा बघायचे, खारी माती टाकून चोपून घ्यायचे. माती कुणी टाकायची यावर कधी चर्चा झाली नाही. ज्याच्या अंथरुणावर गळणार, तो चढणार!

हे आठवलं ते पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या परवाच्या मीटिंगमुळे. २४ फ्लॅट, सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही. मग ठरलं, देखभाल करणारी एखादी एजन्सी शोधू. तीन कोटेशनं आली. आकडे वाचल्यावर सगळे एकदम गप्प. (चहा मात्र संपला.)

घरी आल्यावर डोक्यात मुंबईच्या चाळी घोळत राहिल्या. तिथे मालकाचा मेहता भाडं न्यायला यायचा, नळ फुटला तर त्यालाच सांगायचं. मालकाला भाडं हवं असायचं, म्हणून चाळ उभी राहायची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. भाडेकरूंना त्याची गरज होती, हे खरंच. पण महागाई काही बांधली गेली नाही. डागडुजीचा खर्च भाड्याच्या पुढे गेला आणि मालकांनी हात काढून घेतले. इमारती पडू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, उपकर लावावा लागला. पुढे १९७७ मध्ये म्हाडा झाल्यावर ते काम तिकडे गेलं. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मिळाली ती २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने.

याला दुसरी वाट फार आधीच निघाली होती. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. इमारत संस्थेची, आणि संस्था म्हणजे राहणारेच. म्हणजे मालकही आपण, भाडेकरूही आपण! आज आपल्या सगळ्या सोसायट्या त्याच वाटेवरच्या. फक्त त्यात मेहता कुठे बसतो, ते आपण ठरवलंच नाही.

आणि इथेच मला आमची गंमत दिसली. आमचा मेंटेनन्स आठ वर्षं तेवढाच आहे. कुठल्या सरकारने बांधलेला नाही, आम्हीच दर वर्षी हात वर करून बांधतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तिसऱ्यांदा पुढे ढकललंय. वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीत पावसाळाभर बादली असते, आणि त्या बिचाऱ्या मीटिंगला जिना उतरून येऊ शकत नाहीत.

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. या वेळी ती आजींच्या घरी घ्यायची, असं मी नोटीस बोर्डावर लिहून आलोय. तोवर पहाटे साडेपाचला टाकीचा व्हॉल्व्ह मीच फिरवतोय...