फारीना

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील एक ओस पडलेले जुने गाव. हे राज्याची राजधानी ॲडिलेडच्या उत्तरेस सु. ६५० किमी. व मारी या गावाच्या दक्षिणेस सु. ५५ किमी.वर आहे. गावाच्या पूर्वेस फ्लिंडर्झ पर्वतश्रेणीचा उत्तर भाग येतो, तर उत्तरेकडे एअर सरोवराचा सखल, खारट प्रदेश पसरला आहे. जमीन सपाट व खडकाळ असून कोरड्या ओढ्यांच्या काठचे यूकॅलिप्टस वृक्ष सोडले, तर खुरट्या झुडपांखेरीज वनस्पती फारशा नाहीत. येथे वर्षाकाठी सरासरी सु. १६ सेंमी. पाऊस पडतो, पण ही सरासरी फसवी आहे, कारण तो कधी एका आठवड्यात कोसळतो, तर कधी दोनदोन वर्षे पाठ फिरवितो.

लॅटिन भाषेत ‘फारीना’ म्हणजे पीठ. ज्या भूमीत गव्हाचे पीक कधी भरवशाचे झाले नाही, तेथील गावाला हे नाव का मिळाले, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात सापडते.

या भागात यूरोपीय पशुपालकांनी मेंढ्यांचे कळप आणण्यापूर्वी फ्लिंडर्झ पर्वतश्रेणीत व तिच्या पायथ्याशी आद्न्यामतन्हा व इतर आदिवासी लोक राहत असत. पाण्याच्या जागा व त्यांचे ऋतुमान यांचे त्यांना सूक्ष्म ज्ञान होते. नेमक्या याच जागा कळपवाल्यांनी ताब्यात घेतल्या. पुढे १८६३–६५ मध्ये भीषण अवर्षण पडले आणि उत्तरेकडील कुरणांतील जनावरे मोठ्या संख्येने मेली. कुरणांचा सरकारी खंड माफ करावयाचा, तर अवर्षणाची झळ कोठपर्यंत पोहोचली हे ठरविणे आवश्यक होते. हे काम वसाहतीचा महासर्वेक्षक जॉर्ज वुडरॉफ गॉइडर (१८२६–९८) याच्याकडे आले. १८६५ मध्ये त्याने घोड्यावरून दीर्घ प्रवास करून नकाशावर एक रेषा आखली. पर्जन्यमापनाच्या दीर्घकालीन नोंदी त्याच्याजवळ नव्हत्या. त्याने मुख्यतः वनस्पतींवरून अनुमान केले. माली झुडपे संपून सॉल्टबुश ही क्षार सहन करणारी झुडपे जेथे सुरू होतात, तेथे त्याने भरवशाच्या पावसाची सीमा मानली. ही ‘गॉइडर रेषा’ स्थूलमानाने २५ ते ३० सेंमी. वार्षिक पर्जन्याच्या रेषेशी जुळते. फारीना तिच्या उत्तरेस सु. ३०० किमी.वर आहे.

रेषा आखली गेली ती खंडमाफीसाठी. परंतु लवकरच तीच नांगराची मर्यादा मानली जाऊ लागली. १८७२ च्या कायद्याने शेतजमिनीची उधारीवरील विक्री रेषेच्या दक्षिणेपुरती ठेवण्यात आली. दरम्यान पावसाची काही वर्षे चांगली गेली व शेतकऱ्यांनी आणखी जमिनीसाठी आग्रह धरला. नांगरटीमागोमाग पाऊस येतो, अशी एक समजूत त्या वेळी अमेरिकेप्रमाणेच येथेही पसरली होती. १८७४ मध्ये कायद्यातील निर्बंध उठविण्यात आला. चार ओल्या वर्षांच्या अनुभवावर एका जाणत्या सर्वेक्षकाचा इशारा बाजूला सारला गेला, असेच म्हणावे लागते. रेषेपलीकडे हॅमंड, जॉनबर्ग, डॉसन यांसारखी गावे आखली गेली.

याच उमेदीच्या काळात, १८७८ मध्ये, ‘गव्हर्नमेंट गम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्याजवळ फारीनाची आखणी झाली. ते उत्तरेतील मोठे नगर होईल या अपेक्षेने चारशेंहून अधिक भूखंड पाडण्यात आले. पण १८८० पासून पुन्हा अवर्षण सुरू झाले. रेषेपलीकडील अनेक कुटुंबांचे बीही परत आले नाही. उधारीवर घेतलेल्या जमिनी सोडून त्यांना दक्षिणेकडे परतावे लागले. गव्हाचे गाव म्हणून फारीना कधीच उभे राहिले नाही.

ते जगले ते रेल्वेमुळे. पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेकडे निघालेला अरुंदमापी लोहमार्ग १८८२ मध्ये येथे पोहोचला आणि १८८४ मध्ये तो मारीपर्यंत (त्या वेळचे हर्गट स्प्रिंग्ज) जाईपर्यंत फारीना हे अंतिम स्थानक होते. दूरच्या कुरणांवरील लोकर व जनावरे येथे येत आणि पीठ, चहा, साखर, तारा, अवजारे येथून उंटांवर लादून आत जात. उंट आणि उंटवाले हिंदुस्थानातून आले होते. टॉमस एल्डर याने मागविलेले शंभराहून अधिक उंट व त्यांच्यासोबतचे एकतीस लोक कराचीहून निघून १८६५ च्या अखेरीस पोर्ट ऑगस्टा येथे पोहोचले व फारीनाच्या दक्षिणेकडील बेल्टाना येथे त्यांचा तळ पडला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण अशा सर्वांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. फारीनातही त्यांची वस्ती मुख्य गावापासून वेगळी होती. दफनभूमीत त्यांच्या कबरी आजही आढळतात.

भरभराटीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लोकसंख्या सु. ६०० होती. दोन हॉटेले, दुकाने, लोहारशाळा, चर्च, शाळा व जमिनीखाली बांधलेली एक बेकरी असा गावाचा पसारा होता. रेल्वे पुढे सरकल्यावर व्यापार ओसरला. मोटारींनी उंटांची जागा घेतली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरलेली कुटुंबेही निघून गेली. १९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणारा नवा लोहमार्ग बराच पश्चिमेकडून नेण्यात आला आणि मारीमार्गे जाणाऱ्या ‘घान’ या प्रसिद्ध गाडीचा जुना मार्ग संपुष्टात आला.

आता दगडी भिंती व धुराडी तेवढी उभी आहेत. भोवतालची जमीन पशुपालनाखाली असून २००९ च्या सुमारास स्वयंसेवकांनी अवशेषांची डागडुजी हाती घेतली. भूमिगत बेकरीची जुनी भट्टी त्यांनी पुन्हा पेटविली असून हिवाळ्यातील काही आठवडे तेथे पाव भाजून प्रवाशांना विकला जातो. त्यासाठीचे पीठ मात्र बाहेरून आणावे लागते.