गाडी अगोदर की उतारू अगोदर?

लांजा हे तालुक्याचे ठिकाण. मामलेदार कचेरी, बाजारपेठ, शाळा-कॉलेज, एस.टी.चा स्टँड आणि गावाच्या पोटातून गेलेला मुंबई-गोवा रस्ता, असे सारे काही या गावाला आहे. नाही ते एवढेच, की लांजा या नावाचे रेल्वे स्टेशन नाही. आगगाडी आमच्या तालुक्यातून जाते खरी. रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघालेली गाडी निवसर ओलांडून आडवली, वेरवली, विलवडे असे करीत राजापूर रोडच्या दिशेने निघून जाते. पण तिच्यातल्या दहा उतारूंना विचारले, की आत्ता तुम्ही कोणता तालुका ओलांडलात, तर नऊ जण खिडकीबाहेर पाहून ‘डोंगर’ असे उत्तर देतील! बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या या तिन्ही ठिकाणांकडे ढुंकूनही न पाहता जातात.

या गोष्टीवर आमच्याकडे वाद झडला नाही असा गणेशोत्सव जात नाही. मुंबईकर मंडळी आलेली असतात, आरती आटोपलेली असते, चहा फिरत असतो. आणि कोणीतरी विषय काढतो, की आमच्या या लहान स्टेशनांना गाड्या वाढवून मिळायला हव्यात की नकोत? एरवी या वादात एका बाजूला सगळे गाव आणि दुसऱ्या बाजूला गैरहजर सरकार असते. त्यामुळे तो फार लवकर संपतो. एका वर्षी मात्र रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बैठकीत होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. सर्वांचे बोलणे संपेपर्यंत ते सुपारी कातरत राहिले आणि मग मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही पोरांना गणित शिकवता, तर मला एक हिशेब करून द्या. रूळ एक. त्यावरून गोव्याला जाणाऱ्या गाड्या, केरळला जाणाऱ्या गाड्या, मालगाड्या, वर ट्रक वाहून नेणाऱ्या गाड्या. त्यात तुमच्या चार माणसांसाठी आणखी एक गाडी कुठे बसवू ते सांगा. आणि ती चार माणसे तरी रोज येणार आहेत का?”

काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. कारण ही आगगाडी कशासाठी मागितली गेली, हे ठरल्याशिवाय ती कशी चालवावी, हे ठरत नाही.

बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातली पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. रेल्वे १८९१ साली कोल्हापूरला पोहोचली. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांना आगगाडी पाहायची हौस आलीच, तर त्यांनी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे, अशी सोय झाली. मुंबईला जायचे ते आगबोटीने. बंदरापर्यंत पायी किंवा बैलगाडीने जायचे, पडावातून बोटीवर चढायचे आणि डेकवर पथारी टाकायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाट बंद. या बोटींच्या गर्दीची कहाणी सुखाची नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. कोकणात मात्र घरोघर सुतक होते.

कोकणात आगगाडी हवी, ही मागणी अशा पार्श्वभूमीवर जोर धरीत गेली. बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि १९७१ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून प्रा. मधु दंडवते निवडून आले. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांची एक गोष्ट या वादात मला फार महत्त्वाची वाटते. त्यापूर्वी दुसऱ्या वर्गाचा उतारू उघड्या लाकडी फळीवर रात्र काढीत असे. त्या फळीवर दोन इंचांची मऊ गादी घालण्याची सुरुवात दंडवत्यांनी केली. पहिला वर्गच नसलेली, सर्वांना सारखी अशी गीतांजली एक्स्प्रेस १९७७ च्या डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर सुरू झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. कोकणच्या या खासदाराने रेल्वेकडे पाहिले ते अशा नजरेने, की ती कोणाला बसवून नेते आणि कशावर बसवून नेते.

तरीही रूळ लवकर आले नाहीत. दिव्याहून निघालेला फाटा पनवेल, आपटा असे थांबे घेत १९८६ साली रोह्याला येऊन टेकला. पुढे सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि पैशांचा प्रश्न. १९८९ साली केंद्रात सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा कर्जरोख्यांनी उभा केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, आणि हे सारे काही आठ वर्षांच्या आत! रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे, तर पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण झाला. बोरीबंदरची शिटी आमच्या कानांवर पडायला जवळजवळ १४५ वर्षे लागली.

या पराक्रमातच आजच्या वादाचे बीज आहे. कर्ज काढून बांधलेल्या मार्गाला कर्ज फेडावे लागते. म्हणून या मार्गावर उतारूंचे भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरावर ४० टक्के वाढ धरण्यात आली. म्हणजे शंभर किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्याने भाडे द्यायचे ते एकशे चाळीस किलोमीटरांचे. पैसा येणार तो लांब पल्ल्याच्या गाड्यांतून आणि मालातून. तेव्हा रूळ बांधले गेले ते एकेरी, आणि त्यांवर पहिला मान मिळाला तो लांबच्या गाड्यांना. रोहा ते वीर हा सत्तेचाळीस किलोमीटरांचा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला. बाकी मार्ग अजून मुख्यत्वे एकेरीच आहे.

एकेरी मार्ग म्हणजे काय, हे ज्याने पॅसेंजर गाडीत बसून अनुभवले नसेल, त्याला मी वर्गात सांगतो तसे सांगतो. गावातल्या अरुंद पाणंदीतून समोरून बैलगाडी आली, की एकाला कडेला कुंपणाशी लागावेच लागते. रुळांवर ते कुंपण म्हणजे स्टेशनातला बाजूचा रूळ. दोन स्टेशनांमधल्या टापूत एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून जलद गाडी येत असली, की पॅसेंजर बाजूला उभी राहते. मागून जलद गाडी येत असली, तरीही पॅसेंजरच उभी राहते. त्यात पावसाळा. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासावर माणसे दगावली. तेव्हापासून दरडींना जाळ्या, रात्रंदिवस गस्त आणि पावसाळ्यापुरते वेगळे, सावकाशीचे वेळापत्रक यांचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. काकांचा पहिला मुद्दा म्हणून खराच आहे. प्रत्येक जलद गाडी आडवलीला आणि विलवड्याला थांबवा, ही मागणी ऐकायला गोड असली, तरी तिने सगळाच मार्ग तुंबेल.

पण त्यांचा दुसरा मुद्दा, चार माणसे तरी रोज येणार आहेत का, हा मात्र तपासून घ्यायला हवा.

असाच प्रश्न इंग्लंडात १९६३ साली विचारला गेला होता. डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी तेथील रेल्वेचा जमाखर्च तपासून सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करावीत, असा अहवाल दिला. लहान स्टेशनांवर उत्पन्न नाही, हा त्यांचा आधार. टीकाकारांनी त्यातली एक गोम दाखवून दिली. उत्पन्न मोजले होते ते तिकीट ज्या स्टेशनावर विकले गेले त्या स्टेशनाच्या नावावर. समुद्रकाठच्या गावी उन्हाळ्यात हजारो लोक उतरत. पण त्यांची तिकिटे काढलेली असत शहरांत. त्यामुळे वहीत शहर श्रीमंत ठरले आणि समुद्रकाठचे गाव भिकारी! असे कित्येक मार्ग उखडले गेले. एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा एक मार्ग १९६९ साली बंद केला आणि त्याचा मोठा तुकडा २०१५ साली पुन्हा पैसे खर्चून बांधावा लागला.

आता आमचे विलवडे पाहा. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात जो चाकरमानी येथे उतरतो, त्याचे तिकीट मुंबईत निघालेले असते, आणि पुष्कळदा परतीचेही. हल्ली तर ते खिशातल्या फोनवरच निघते. विलवड्याच्या खिडकीवर किती रुपये जमले, यावरून विलवड्याची गरज मोजणे म्हणजे माहेरवाशिणीने सासरहून आणलेला जिन्नस सासरच्या खात्यावर लिहून, माहेरी कोणी येतच नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

यापेक्षाही मोठा आकडा वेगळ्याच वहीत आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत असताना आमचा जिल्हा आटला. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण कौतुकाचे नव्हे. कर्ते पुरुष परगावी गेल्याची ती खूण आहे. आणि हे दशक कोणते? आगगाडी आल्यानंतरचे पहिले पुरे दशक! जी गाडी आमची माणसे राखील म्हणून दोन पिढ्यांनी मागितली, ती आल्यावरही माणसे जातच राहिली. दोष एकट्या गाडीचा नाही. शेतीचा आहे, धंद्याच्या उणिवेचा आहे. पण गाडीचे वेळापत्रक पाहिले, की तिचा मुख्य ओढा लगेच दिसतो. माणसाला मुंबईला नेण्याची आणि सणाला परत आणण्याची सोय तिच्यात आहे. गणपतीत जादा गाड्यांची नुसती रीघ लागते. पण रोज सकाळी रत्नागिरीला जाऊन संध्याकाळी घरी परतायचे असेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही.

माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांकडे मी याच नजरेने पाहतो. आडवलीच्या बाजूच्या मुलीला रत्नागिरीच्या कॉलेजात जायचे असते. सकाळी वेळेवर नेऊन संध्याकाळी दिवेलागणीला परत आणणारी गाडी असेल, तर ती घरी राहून शिकते. नसेल, तर खोली घ्यावी लागते. खोलीचे पैसे नसतील, तर शिक्षण राहते किंवा भाऊ मुंबईला कामाला लागतो. जिल्हा रुग्णालयात जाणारी म्हातारी, कोर्टाच्या तारखेला जाणारा शेतकरी, काजू-आंब्याच्या पेट्यांची चौकशी करायला जाणारा बागायतदार, यांचेही असेच. ही माणसे आज स्टेशनावर दिसत नाहीत. कारण त्यांना उपयोगी पडेल अशा वेळेला गाडी नाही. उतारू नाहीत म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून उतारू नाहीत, हे चक्र कोणीतरी एका जागी थांबवायला हवे. ते उतारूला थांबवता येत नाही. गाडी सोडणाऱ्यालाच येते.

उलट दिशेचा अनुभवही ताजा आहे. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी थेट दादरपर्यंत जात असे. २०२० च्या साथीनंतर ती दिव्याला थांबू लागली. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला दिव्याच्या पुलावरून मुंबईच्या लोकलमध्ये शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. त्याच साथीनंतर देशभरच्या पॅसेंजर गाड्यांचे किमान भाडे दहा रुपयांवरून तीस झाले आणि ते पूर्ववत व्हायला २०२४ साल उजाडले. अशा अडचणी वाढवून पुढे उतारू कमी झाले असे म्हणायचे, हा न्याय नव्हे.

मग मागावे काय? माझ्या मते, थोडेच मागावे पण नेमके मागावे. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर रोड, सावंतवाडी या टप्प्यांत सकाळ-संध्याकाळ धावणारी, सर्व लहान स्टेशने घेणारी, थोड्या डब्यांची गाडी. आता सगळ्या मार्गावर वीज आली आहे. २०२२ साली ते काम पुरे झाले. विजेवरची गाडी चटकन वेग घेते आणि थांबायलाही तिला फार वेळ लागत नाही. ती बाजूला घेण्यासाठी जागा हवी, तर त्याचाही मार्ग सापडलेला आहे. अलीकडच्या वर्षांत वेरवली, कडवई, अचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशने याच मार्गावर उभी राहिली, ती गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणूनच. मुख्य रूळ दुहेरी होईपर्यंत ही पाणंद अशीच जागोजाग रुंद करीत जावे. महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण व्हावे, याला महाराष्ट्र शासनाने २०२५ साली संमती दिली. कर्जाचे कारण त्यामुळे हलके होणार असेल, तर त्या हलक्या झालेल्या ओझ्यातला पहिला वाटा, भाडे वाढवून देणाऱ्या या उतारूंना मिळायला हवा.

हे सारे मी काकांना सांगितले. त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि म्हणाले, “गुरुजी, सकाळची बसेल. संध्याकाळचीला मात्र मला जरा विचार करावा लागेल.” एका जन्मभराच्या रेल्वेवाल्याकडून अर्धी गाडी मिळवणे ही लहान गोष्ट नव्हे! पण अर्ध्या गाडीने गावे राहत नाहीत. सकाळी नेलेल्या मुलीला संध्याकाळी घरी आणून सोडणे, हाच तर खरा प्रश्न आहे.