डुलणे : एका क्रियापदाची वाटचाल

श्रोतेहो, पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल घातलेला बैल वेशीकडे निघाला की आपण काय म्हणतो? ‘बैल डुलत डुलत निघाला.’ रात्री गुत्त्यावरून कोणी परतू लागला, तर मात्र तो ‘झोकांड्या खात आला’ असं म्हणतो. अंग दोघांचंही हलतं. पण एकाचं कौतुक होतं, दुसऱ्याची कीव येते. हा निवाडा क्रियापदच करून टाकतं.

‘डुलणे’ आणि ‘डोलणे’ ही सख्खी भावंडं. त्यांचं मूळ झोपाळ्यात आहे. संस्कृतात झोपाळ्याला ‘दोला’ म्हणतात. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण रचलं. काही शब्दांत ‘द’चा ‘ड’ होतो, हे सांगताना त्यानं ‘दोला’ हा शब्दही दिला आहे. आपली डोली आणि गलबताची डोलकाठी याच घराण्यातल्या.

झोपाळा इकडून तिकडे जातो, पण परत येतो. डुलण्यातही तसंच, तोल सुटत नाही. हत्ती डुलतो, जोंधळ्याचं कणीस डुलतं, कीर्तनात टाळकरी डुलतो. तोल सुटला की शब्द बदलतो. ओझ्याखाली माणूस हेलपाटतो.

नाशिककरांना हे क्रियापद चैत्रात डोळ्यांनी दिसतं. कामदा एकादशीला पंचवटीतून श्रीरामाचा रथ निघतो. दोर ताणले जातात आणि रथ डुलत पुढं सरकतो. पण रथ डुलतो तो ओढणाऱ्या हातांच्या बळावर. आणि ते हात कोणाचे, यावरून या गावानं झगडाही पाहिला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. पुढच्याच महिन्यात रथ ओढण्याच्या हक्कावरून दंगल उसळली. ज्याची वाट कोणी अडवत नाही, त्यालाच डुलत चालता येतं, हे त्या दिवसांनी दाखवून दिलं.

शिक्षकबंधूंनो, वर्गात मुलांना चालण्याची क्रियापदं विचारून पाहा. फळा भरून जाईल. मात्र पायानं अधू असलेलं एखादं मूल दारातून येताना कोणी ‘आला डुलत’ म्हणून हसलं, तर तिथंच थांबवा. शब्द कौतुकाचा आहे. तो टोचायला वापरू नये, एवढं शिकवलं तरी व्याकरणाचा तो तास कारणी लागला.