कायम, बदली आणि रास्त मजुरी

श्रमाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला सुरुवातीला दोन वेगळे प्रश्न दिसतात: नोकरी टिकते का आणि पगार पुरतो का. ते वेगळे काढू नयेत, हा माझा आग्रह. उद्या कामावर घेतील की नाही याची ज्याला शाश्वती नाही, तो आज पगारवाढ मागायला तोंड उघडत नाही.

मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार पाहा. पाळीच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तरच त्या दिवसाचे काम. कुणाला आत घ्यायचे हे बरीच वर्षे जॉबर, म्हणजे कामगारांची भरती करणारा मुकादम, ठरवी आणि त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. 1935 मध्ये बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्डे देण्याची योजना आली, जॉबरची पकड ढिली झाली, बदलीपण मात्र सुटले नाही. म्हणूनच 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात पगारवाढीच्या जोडीला बदलींना कायम करण्याची मागणी होती. 1991 च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी सगळ्यांची नोकरी सुरक्षित होती, ही समजूत या अभ्यासात फार काळ टिकत नाही. कायमपणा थोड्यांच्याच वाट्याला आला, आणि तोही भांडून.

मजुरी किती असावी, या विचाराचीही मोठी परंपरा आहे. 1948 च्या रास्त वेतन समितीने किमान, रास्त आणि निर्वाह अशा तीन पायऱ्या मांडल्या. रास्त वेतन उद्योगाच्या ऐपतीशी जोडले. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने गरजांचा हिशेबच मांडला: प्रौढ माणसाला रोज 2700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडे, इंधन, दिवाबत्ती. कुटुंब मोजले तीन उपभोग एककांचे: पुरुष 1, बाई 0.8, प्रत्येक मूल 0.6. कमावता एकच, बाईची कमाई धरायचीच नाही. हा तक्ता सावकाश वाचावा. त्यात म्हातारे आईवडील कुठेच नाहीत. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राप्ताकोस ब्रेट खटल्यात सांगितले ते 1991 मध्ये.

महाराष्ट्राने या विषयाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे 1969 चा माथाडी, म्हणजे हमालांसाठीचा, कायदा, असे मला वाटते. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसरीचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीच्या रेट्यातून आलेल्या या कायद्याने हमालाची नोंद त्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे ठेवली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी वाटणार, लेव्हीतून भविष्यनिधी, रजा, बोनस देणार. मालक बदलला तरी हक्क बुडू नये, याची ही सोय. अंमलबजावणीत गळती आहे, आणि तिचाही अभ्यास व्हायला हवा.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने 2023 मध्ये केलेल्या कायद्यात या सोयीची छाया दिसते: कामगारांची नोंदणी, मंडळ आणि व्यवहारामागे कल्याण शुल्क. पण एका फेरीला किमान किती पैसे मिळावेत, हे तो कायदा ठरवत नाही. जोडून वाचायचे ते दोन प्रश्न तिथे पुन्हा सुटे झाले आहेत. नव्या अभ्यासकाने हात घालावा तो इथेच.