एम३ स्टुअर्ट (रणगाडा)

एम३ स्टुअर्ट हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीचा हलका रणगाडा होय. अमेरिकी यादवी युद्धातील घोडदळाचे सेनानी जे.ई.बी. स्टुअर्ट यांचे नाव त्याला ब्रिटिश सैन्याने दिले. स्वतंत्र भारताच्या लष्करी इतिहासात तो प्रामुख्याने १९४८ च्या झोजिला खिंडीतील लढाईसाठी ओळखला जातो.

विकास

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर आधीच्या एम२ हलक्या रणगाड्याचे चिलखत अपुरे असल्याचे अमेरिकी सैन्याच्या लक्षात आले. त्याच आराखड्यावर अधिक जाड चिलखताचा एम३ तयार करण्यात आला. मार्च १९४१ पासून अमेरिकन कार अँड फाउंड्री या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. यात ३७ मिमीची तोफ, ४ जणांचे पथक आणि मूळ विमानासाठी बनवलेले ७ सिलिंडरचे इंजिन होते. रस्त्यावर त्याचा वेग ताशी सुमारे ५८ किमी होता. पुढे विमानांना अशा इंजिनांची गरज वाढल्याने एम५ या सुधारित प्रकारात कॅडिलॅक मोटारीची दोन इंजिने बसवण्यात आली. दोन्ही प्रकार मिळून २२ हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले.

महायुद्धातील वापर

नोव्हेंबर १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांनी हा रणगाडा प्रथम लढाईत उतरवला. तेथे त्याची यांत्रिक विश्वासार्हता सैनिकांना भावली. मात्र जर्मन रणगाड्यांपुढे त्याची तोफ कमी पडली. ब्रह्मदेशात १९४२ च्या माघारीत चिंदविन नदी ओलांडणे अशक्य झाल्याने ब्रिटिशांनी आपले स्टुअर्ट स्वतःच निकामी केले. पलीकडे पोहोचलेल्या एकमेव रणगाड्याचा बुरूज काढून तो नंतर भारतीय सैन्याच्या ७ व्या लाइट कॅव्हलरीने नियंत्रण वाहन म्हणून वापरला. ही पलटण १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत स्टुअर्टसह लढली.

झोजिलाची लढाई

१९४८ मध्ये झोजिला खिंड शत्रूच्या ताब्यात गेल्याने लडाखकडे जाणारा मार्ग बंद झाला. खडकांच्या आडून होणाऱ्या माऱ्यामुळे सप्टेंबरमधील पायदळाचा हल्ला अयशस्वी ठरला. तेव्हा मेजर जनरल के.एस. थिमय्या यांनी रणगाडे वर नेण्याचे ठरवले. गुप्ततेसाठी ७ व्या लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्टचे बुरूज उतरवून ते बालतालपर्यंत आणले गेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून ती रणगाड्यांसाठी योग्य केली. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली १ नोव्हेंबर १९४८ रोजी, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, रणगाडे बर्फातून खिंडीत शिरले. त्यांच्या तोफांनी शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली आणि मागोमाग पायदळ पुढे सरकले. त्याच महिन्यात द्रास व कारगिल ताब्यात आले व लेहचा मार्ग मोकळा झाला. वाळवंटात दुबळा ठरलेला हा रणगाडा हलकेपणामुळेच हिमालयातील अरुंद वाटेवर उपयोगी पडला.

महाराष्ट्राशी संबंध

भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे आहे. तेथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये स्थापन झाले असून त्यात विविध देशांचे जुने रणगाडे जतन केले आहेत.